उन्हाची पंगत

यंदा थंडी पडली की नाही, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. मोबाईल म्हणतो पडली. मी ज्या औषधाच्या दुकानात काम करते तिथं खोकल्याच्या बाटल्या भराभर संपताहेत, म्हणजे पडली असावी. पण आमच्या मुकुंदवाडीच्या गल्लीत ज्यांनी थंडी जाहीर केल्याशिवाय कुणी पेटीतले स्वेटर काढत नसे, ते आमचे जुने घरमालक आता शहराच्या त्या टोकाला आणि आम्ही घर बदलून ह्या टोकाला. त्यामुळे आमच्या घरात यंदाची थंडी अजून अधिकृत झालेली नाही.

सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची. खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको माई, वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. आबांची उभी नोकरी रेल्वेच्या रुळांवर गेली होती, पण त्याआधीचं लहानपण फुलंब्रीकडच्या माळांवर मेंढरांमागं गेलं होतं, आणि माणसाचं पहिलं काम त्याच्या अंगातून जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. पेन्शन रेल्वेची घ्यायचे आणि वागायचे मेंढक्यासारखे. खांद्यावर काळी घोंगडी, हातात काठी, आणि समोर दिसेल ते पोर त्यांना कोकरूच वाटायचं.

दिवाळी उलटली की रोज सकाळी ते ओट्याच्या लोखंडी गजाला गाल लावून उभे राहत. आमचं सामान घेऊन आलेल्या टेम्पोवाल्यानं ते पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मॅडम, मालकांचं डोक्याचं काही आहे का?" मी म्हटलं, आम्हीही आजच आलोय. अशा चार-सहा सकाळी गेल्या की एक दिवस ते गाल चोळत मागं सरायचे आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आली. काढा लेकरं भायेर."

त्यांच्या घरात मिरवण्यासारखं काही नव्हतं. रंग उडालेला, जिना अरुंद, नळाला पाणी येईल त्या दिवशी सणच. पण पूर्वेला तोंड करून एक लांबलचक ओटा होता आणि ओट्यासमोर, गल्लीच्या पलीकडं, मोकळा प्लॉट. उगवलेला सूर्य आणि हा ओटा ह्यांच्या मध्ये अडवायला कुणी नव्हतं. थंडीत आबा त्या ओट्यावर घोंगडी अंथरायचे आणि गल्लीतल्या सगळ्या लहान पोरांना ओळीनं बसवून ऊन वाढायचे. वाढायचे हा शब्द त्यांचाच. "थंडी काय अंगावर घेयाची गोष्ट हाय का? थंडीत ऊन खायाचं असतं. आन् खायाचं म्हणलं की पंगत आली."

पंगतीचा नियम एकच, आधी बारके. ऊन सगळ्यात आधी पायरीपाशी पडायचं आणि मग हळूहळू ओटाभर सरकायचं. म्हणून पायरीपाशी सगळ्यात लहान मूल, मग त्याच्याहून थोडं मोठं, आणि शाळेत जाणारी धटिंगणं पार शेवटी, पन्हाळीखाली. "कोकरू गारठलं तर उठत नाय," आबा समजावायचे. "मोठं मेंढरू बोंबलत का व्हईना, जगतं."

मोठ्या माणसांना तर सकाळच्या उन्हावर हक्कच नव्हता. समोरच्या घरी एक निवृत्त साहेब होते, सरकारी कचेरीत मोठ्या टेबलामागं बसलेले. ते एकदा खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन नेमके पायरीपाशी येऊन बसले. आबांनी दोन मोठी पोरं हाताशी घेतली आणि साहेबांना खुर्चीसकट उचलून सावलीत ठेवलं. "तुमचं ऊन खाऊन झालं, साहेब. साठ वरसं खाल्लं. आता ह्यांना खाऊ द्या." साहेबांनी वर्तमानपत्र मिटलं, दोन दिवस बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी नातवाला घेऊन रांगेत उभे राहिले.

पोरांना बोलवायची आबांची पद्धत मात्र आयांना पचली नाही. ते कुणाला नावानं हाक मारत नसत. ओट्यावर उभं राहून जिभेनं टाळ्याशी टक्‌ टक्‌ असा आवाज काढत, मेंढरं वळवताना काढतात तसा. आणि बिस्किटाचं आमिष दाखवूनही अंथरुणातून न उठणारी आमची पोरं त्या आवाजावर धडपडत बाहेर पळायची. शेजारची एक सून त्यांना तोंडावर म्हणाली, "आबा, आमची लेकरं काय मेंढरं हायत का?" आबांनी तिच्या लेकाकडं नीट पाहिलं. "नाय बाई. मेंढरू स्वतःची लोकर घालून येतं. ह्याला तू तीन स्वेटर घातले तरी नाक गळतंय." बाई तणतणत आत गेली, पण पोरगं ओट्यावरच राहिलं.

पंगतीत रोज एकच पदार्थ असायचा. एक दिवस मिठात उकडलेल्या शेंगा, एक दिवस गावरान बोरं, एक दिवस उसाचे करवे, एक दिवस हरभऱ्याचे डहाळे. कडाक्याची थंडी असली की माई गरम बाजरीची भाकरी गूळ-तुपात कुस्करून मलिदा करायच्या आणि लेकरांच्या हातावर एकेक लाडू ठेवायच्या. ठेवताना त्यांचं तोंड सुरू असायचं. "ह्या माणसानं माझी सकाळची झोप ठिवली नाय. आधी रुळांपाई, आता लेकरांपाई." पण एखाद्या दिवशी आबा तापानं पडले तर शेंगांचं पातेलं ओट्यावर यायचं ते यायचंच.

खेळही तसेच, बिनभांडवली. तोंडातून वाफ सोडून कुणाची गाडी लांब जाते ते बघायचं. भिंतीवर हातांच्या सावल्या पाडून ससा, कोल्हा, आणि आबा पाडायचे ते मेंढरू, जे कुत्र्यासारखं दिसायचं, पण तसं म्हणायची कुणाची टाप नव्हती. तीन दाण्यांची शेंग ज्याला सापडेल त्यानं ती आपल्याहून लहान पोराला द्यायची. बोरांच्या दिवशी बिया कोण लांब थुंकतो ह्याची शर्यत, आणि तिच्यात माझी मुलगी चिमी, वय वर्षं चार, अजिंक्य. दुसऱ्यांच्या मुली ह्या वयात नाचात बक्षिसं मिळवतात.

चिमीचं सांगायचं तर ती ऐन थंडीत जन्मली, तीही लवकर, आणि एवढीशी. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा मी तिला दुपट्यात, दुपट्यावर शालीत, शालीवर रजईत गुंडाळून खिडक्या लावून बसले होते. आबांनी खालून माईंना पाठवलं आणि माईंनी माझं काही न ऐकता ते गाठोडं खाली नेलं. ओट्यावर, पायरीपाशी, घोंगडीवर आबांनी तिला एकेक पांघरूण काढत सोडवली आणि उघडी पाठ उन्हाकडं करून तळहातावर धरली. मी भीतीनं रडत होते. आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "रडायला सावलीत जा. उन्हात आसं करू नये." ती पोर त्या हातावर पहिल्यांदा निवांत झोपली. ती सकाळ मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. त्या ओट्याचं ऊन ही आमच्या घरात गमतीची गोष्ट नव्हती.

आबा कधी कधी माझ्या दुकानात यायचे. औषध घ्यायला नाही, बाटल्या बघायला. एकदा एक आई मुलासाठी ड जीवनसत्त्वाचे थेंब घेत होती. आबांनी विचारलं, "ह्यात काय असतं?" मी म्हटलं, "आबा, ऊन मिळत नाही त्या मुलांना देतात." त्यांनी बाटली उजेडाकडं धरली, हलवून बघितली. "म्हंजी उन्हाची बाटली. आन् हे लेकरू कुठं राहतं?" बाई म्हणाल्या, "सिडकोत." "तिथं ऊन पडत नाय?" "पडतं हो, पण शाळा असते ना." आबांनी बाटली परत दिली. "मंग शाळेला पाजा." बाई हसल्या, थेंब मात्र घेऊन गेल्या. दुकानाचे मालक मला म्हणाले, ह्या म्हाताऱ्याला गर्दीच्या वेळी आत येऊ देत जाऊ नका.

शाळेचं म्हणाल तर चिमीच्या शाळेत डिसेंबरात 'विंटर वीक' असतो. त्या आठवड्यात वर्गात पिंजलेल्या कापसाचा बर्फ पसरतात, पोरांना लोकरीच्या टोप्या घालून त्यात बसवतात, आणि दुपारी डोक्यावर ऊन तापलं की पोरं घामानं निथळत फोटो काढून घेतात. चिमीला घरून बर्फाचा माणूस करून आणायला सांगितलं होतं. मी दुकानात, तिचे बाबा वाळूजला कारखान्यात, तेव्हा बर्फाच्या माणसाची जबाबदारी आबांवर आली.

"ह्या माणसाचं काम काय?" आबांनी तिला विचारलं.

"काही नाही. तो उभा राहतो."

"मंग?"

"मग ऊन आलं की वितळतो."

आबा विचारात पडले. ऊन आलं की वितळणारा माणूस पोरांना शिकवतात कशाला, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. शेवटी दोघांनी मिळून काळ्या मातीचा मेंढक्या केला. अंगावर घोंगडीचा तुकडा, हातात काडी, पायाशी बोरांच्या बियांची मेंढरं. दोन दिवस उन्हात वाळवून त्याला दगडासारखा टणक केला. शाळेनं त्याच्याबरोबर चिठ्ठी परत पाठवली, 'सुंदर प्रयत्न, पण विषयाला धरून नाही.' आबांनी चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "हा वितळत नाय." मेंढक्या पुढं बरीच वर्षं ओट्याच्या कोनाड्यात उभा होता.

गल्लीतले हौशी लोक थंडीत फुलंब्रीच्या बाजूला हुरडा पार्टीला जायचे. तिथं स्पीकर, बैलगाडीत बसून फोटो, प्लॅस्टिकच्या द्रोणात मोजका हुरडा आणि त्याच्यावर शेव. येऊन सांगायचे, "आबा, लई मजा आली, एकदम गावासारखं." आबा ज्या गावचे, त्याच गावाच्या शिवारात ती पार्टी भरायची. ते फक्त विचारायचे, "लेकरांनी कणीस हातावर मळलं का?" नाही म्हटलं की मान हलवून पुन्हा शेंगा निवडायला लागायचे.

आता त्या मोकळ्या प्लॉटकडं येते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपलं.

एका सकाळी पंगत बसलेली असताना गल्लीच्या तोंडाशी पांढरी मोठी गाडी थांबली. तिच्यातून पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ उतरले, गळ्यात साखळी, हातात पेढ्यांचा खोका. शहरातले नावाजलेले बिल्डर. थेट येऊन आबांच्या पायावर डोकं ठेवलं. आबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आरं, शेंबड्या तू?"

गल्ली गार झाली. पण साहेब गहिवरले. तीसएक वर्षांपूर्वी, आबा रेल्वेत असताना, ते ह्याच गल्लीत वाढले होते आणि ह्याच ओट्यावर, आबांच्या सुटीच्या सकाळी, पंगतीत, बाहीनं नाक पुसत ऊन खात होते. "आबा, मी जे काय हाय ते ह्या ओट्यामुळं," ते म्हणाले. मग पोरांच्या रांगेत शेवटी फतकल मारून बसले, शेंगा सोलून खाल्ल्या, डोळे पुसले, आणि बरोबरच्या माणसाकडून ह्या सगळ्याचा व्हिडिओ काढून घेतला. त्यानंतर त्यांनी सांगितलं की समोरचा प्लॉट त्यांनी घेतलाय. सात मजली इमारत. नाव 'सूर्यांगण'.

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजी हितं ऊन येयाचं नाय."

"असं कसं आबा? टेन्शनच घेऊ नका."

"कमी मजले कर."

"पार्टनर ऐकत नाहीत आबा. माझ्या एकट्याच्या हातात असतं तर..."

"मंग मधी फट ठिव. ह्या ओट्यायेवढं ऊन येऊ दे. लेकरांपुरतं. मी तुझ्याकडं दुसरं काय मागत नाय."

"आबा, तुमच्यासाठी काय पण," साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी पाळला असं ते आजही सांगतात. इमारत झाली. सातच्या सात मजले झाले, फट कुठं दिसली नाही. पण आमच्या गल्लीकडं जी मागची भिंत येते तिच्यावर त्यांनी खास आबांसाठी एक भलामोठा पितळी रंगाचा सूर्य बसवून दिला, डोळे-नाक असलेला, हसरा, आत दिवे. खऱ्या सूर्याला ओट्यावर यायला त्या थंडीत अकरा वाजायला लागले. तोवर पोरं शाळेत जाऊन कापसाच्या बर्फात बसलेली असायची.

त्या थंडीत मी आबांना पहिल्यांदा म्हातारे झालेले पाहिले. गजाला गाल लावून उभे राहायचे, थंडी आल्याचंही सांगायचे, पण आवाज खाली आला होता. घोंगडी अंथरायचे आणि तिच्यावर एकटेच बसून समोरच्या हसऱ्या सूर्याकडं बघत राहायचे. लेकरं यायची, गार ओट्यावर थोडा वेळ बसायची, खोकायची, आया आत घेऊन जायच्या. चिमीची छाती भरायला लागली. मी माझ्या दुकानातून, कर्मचाऱ्यांना मिळते त्या सवलतीत, उन्हाची बाटली घरी आणली. आबांना दिसू नये म्हणून पदराखाली लपवून जिना चढले.

मग त्यांनी आरशांचा उद्योग केला. एका बंद पडलेल्या केशकर्तनालयाचे दोन जुने आरसे आणले आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घराच्या गच्चीवर, जिथं इमारतीच्या कडेनं ऊन येत होतं, तिथं चढून विटांच्या आधारानं तिरपे लावले. खरोखरच सुपाएवढा कवडसा ओट्यावर येऊन पडला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ऊन सुपाएवढं आणि लेकरं गल्लीभर. दुसऱ्या दिवशी मोठ्या पोरांनी बारक्यांना ढकललं, एकाचं कपाळ फुटलं, रडारड झाली. आबांनी स्वतः वर जाऊन आरसे उतरवले. "ऊन भांडून खायाचं नसतं," एवढंच म्हणाले. त्या दिवशी माई त्यांच्यावर एकदाही खेकसल्या नाहीत, त्यावरून काय ते समजा.

इकडं 'सूर्यांगण'मध्ये माणसं राहायला आली. तिथल्या फाटकावर पाचोडकडचा एक तरणा वॉचमन ठेवला होता. बाहेरचं माणूस दिसलं की "कुणाकडं जायचं?" विचारायचं आणि नाव सांगितल्याशिवाय फाटक उघडायचं नाही, एवढं त्याला कमिटीनं पढवलेलं. इमारतीच्या पुढच्या बाजूला, मोठ्या रस्त्याकडं, फरशी घातलेलं प्रशस्त अंगण होतं आणि आमच्या ओट्याचं सगळं ऊन आता त्या फरशीवर पडत होतं. तिथं ते कुणी खात नव्हतं. पोरं सातही मजल्यांवर पडदे ओढून कार्टून बघायची.

पुढच्या थंडीत आक्रीत घडलं. इमारतीतल्या पोरांच्या तपासण्या झाल्या आणि एकजात सगळ्यांना ऊन कमी निघालं. मला माहीत, बाटल्या माझ्याच दुकानातून गेल्या. कमिटीची बैठक बसली आणि ठरलं की रोज सकाळी अंगणात मुलांसाठी 'विंटर सनशाइन' नावाचा उपक्रम सुरू करायचा. चटया, शिट्टी, शिकवायला एक ताई. आणि उद्‌घाटनाला बिल्डरसाहेबांनी सुचवलं, आपले आबा.

साहेब स्वतः बोलवायला आले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. "आमची गल्लीतली लेकरं बी येतील ना?"

"येऊ द्या ना आबा, सगळ्यांना घेऊन या. टाळ्या वाजवायला पब्लिक पाहिजेच."

"आन् दुसऱ्या दिवसापासनं?"

"पुढचं कमिटी बघेल. बाहेरच्यांचं जरा नियमात बसवावं लागतं."

आबा यायला तयार झाले. घरात मात्र त्यांचं आणि माईंचं जुंपलं, कारण माईंनी घोंगडी काढून घेतली. "चार लोकांत सत्कार हाय. त्या केसाळ घोंगडीत जाशान तर मी येयाची नाय." शेवटी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि मोकळा खांदा अशा अवस्थेत आबा निघाले. त्यांना इतकं उघडं मी कधी पाहिलं नव्हतं. मागं गल्लीतली पोरं, पोरांमागं आम्ही आया. फाटकावर वॉचमननं विचारलंच, "कुणाकडं जायचं?" आतून साहेब धावत आले आणि त्याच्यावर ओरडले, "अरे, ओळखत नाही का? आजचे प्रमुख पाहुणे आहेत."

आत गेलो आणि मला हसावं की रडावं कळेना. पाहुण्यांना आणि सभासदांना ऊन लागू नये म्हणून सगळ्या अंगणावर मांडव घातला होता. जाड, लाल-निळा, कडेला झालरी, आणि पूर्वेच्या बाजूनं तर कनाती लावलेल्या, समोरच्या रस्त्याची धूळ येऊ नये म्हणून. त्या गच्च सावलीत, गार फरशीवरच्या चटयांवर, ऊन खायच्या उपक्रमासाठी पोरं कुडकुडत बसली होती. आमच्या पोरांना चटया नव्हत्या. ती मागं उभी.

दिवा लागला. अध्यक्षांनी उन्हाचे फायदे कागदावरून वाचले. आबांना शाल पांघरली, नारळ दिला. मग साहेब बोलायला उभे राहिले. ओटा, शेंगा, गरिबी, बाहीला पुसलेलं नाक, सगळं आलं. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. आबा खुर्चीत अवघडून बसले होते आणि त्यांचं भाषणाकडं मुळीच लक्ष नव्हतं. ते पोरांकडं बघत होते. पुढच्या चटईवरचं इमारतीतलं एक दीड वर्षाचं लेकरू थरथरत होतं. मागं उभी असलेली चिमी खोकत होती.

साहेब "आणि म्हणून मित्रांनो" म्हणाले आणि आबा उठले.

उठले, नारळ खुर्चीवर ठेवला, सरळ पूर्वेच्या कनातीपाशी गेले आणि कनात वर करून बाहेर पडले. तिथं, मांडव आणि फाटक ह्यांच्या मधल्या उतारावर, जिथून गाड्या जातात-येतात, सोन्यासारखं ऊन पडलं होतं. त्यांनी खांद्यावरची सत्काराची शाल काढली, झटकली आणि फरशीवर अंथरली. मग आतल्या सगळ्या मंडळींना स्पष्ट ऐकू आलं, टक्‌ टक्‌.

आमची पोरं कनातीखालून सुटली. ती सुटली म्हणून चटईवरचीही सुटली. त्यांना त्या आवाजाचा अर्थ कुणी शिकवलेला नव्हता, पण शिकवावा लागला नाही. त्या थरथरणाऱ्या लेकराला चिमीनं बखोटीला धरून आणलं आणि शालीच्या उन्हाकडच्या टोकाला बसवलं, कारण ते तिच्याहून बारकं होतं.

अध्यक्ष धावत बाहेर आले. "आबा, शाल आहे ती सत्काराची. आणि जरा थांबा, कार्यक्रम संपला की मुलांना..."

"कार्यक्रम संपस्तवर ऊन डोक्यावर येतं," आबा म्हणाले. उतारावर खाली-वर गाड्या खोळंबल्या, हॉर्न वाजले. माईंनी कमरेची पिशवी सोडली. त्यांनी घोंगडी आणू दिली नव्हती, पण उकडलेल्या शेंगा मात्र आणल्या होत्या. साहेब माईक हातात घेऊनच कनातीच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, बोलावं की बसावं अशा अवस्थेत. आबांनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं.

"शेंबड्या, तुझं चालू दे. मोठ्यांची बारी शेवटी."

तो माईक चालू होता. सगळ्या सूर्यांगणाला ते ऐकू गेलं.

सभा उरकली, मांडव निघाला, आणि दुपारी कमिटीनं ठरवलं की झाला प्रकार बरोबर नव्हता. उपक्रम फक्त सभासदांच्या मुलांसाठीच राहील, बाहेरच्या कुणाला नाव सांगितल्याशिवाय आत सोडायचं नाही. वॉचमनला पुन्हा एकदा बजावलं गेलं. हे संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत पोचलं. मी आबांना सांगायला खाली गेले, तर ते घोंगडी झटकत होते. म्हणाले, "सकाळी पोरीला लवकर उठीव."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत पुढं आबा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मागं गल्लीतली झाडून सगळी लेकरं, त्यांच्या मागं शेंगांचं पातेलं घेऊन माई, आणि माझं बोट धरून चिमी. त्या दिवशी फाटक बंद राहिलं असतं तर आबा पुन्हा त्या ओट्यावर जाऊन बसले असते आणि पुन्हा उठले नसते, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं.

वॉचमन आडवा आला. बिचाऱ्याची नोकरी होती. मान खाली घालूनच त्यानं विचारलं, "कुणाकडं जायचं, आबा?"

आबांनी काठी उचलली आणि इमारतीच्या पुढं, रस्त्याच्या पलीकडं वर येत असलेल्या सूर्याकडं केली.

"ह्याच्याकडं."

वॉचमननं मान वर करून तिकडं पाहिलं. डोळ्यांवर ऊन आलं तसा हात आडवा धरला. कमिटीनं त्याला पुष्कळ नावं सांगून ठेवली होती, पण ह्या नावाबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. त्यानं फाटक उघडलं आणि बाजूला जाऊन सावलीत उभा राहिला, कारण बारके अजून बसायचे होते.